मातीकडची बाजू

थोरल्याची मुलगी ज्या वर्षी रांगायला लागली, त्या वर्षी धाकटा गेला. घरात काळ अजून तसाच मोजतात. ती रांगत होती तेव्हा, ती चालायला लागली तेव्हा, तिचे दुधाचे दात पडले तेव्हा. आकड्यातलं साल सरकारी कागदावर आहे, पण त्या कागदावर या घरातल्या कुणाचा कधी विश्वास बसला नाही.

घर विहिरी खणणाऱ्यांचं. आधी म्हातारीचा सासरा, मग नवरा, मग हे दोघे मुलगे. थोरला वर रहाटावर, धाकटा खाली, दोराला टांगलेल्या बसायच्या पाळण्यात. दोराला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, कारण खाली उतरणाऱ्याचा जीव ज्याला आपला वाटतो त्यानेच दोर धरावा, असं घरात होतं. माती भुसभुशीत लागली की विहिरीच्या कडेने फळ्या उभ्या करायच्या आणि मधे आडवे टेकू ठोकायचे. खडक लागून दगडी बांधकाम वर आलं की फळ्या एकेक करून काढायच्या. फळ्या घरच्याच, सासऱ्याच्या वेळच्या, पाणी पिऊन पिऊन लोखंडासारख्या झालेल्या.

प्रत्येक फळीवर घरचा डाग असे. तो द्यायचं काम बाईचं. म्हातारी चुलीत डागणी लाल करायची आणि फळीवर दाबायची. एक उभी रेघ, तिच्याखाली अर्धा गोल. दोर आणि बादली. डाग एकाच बाजूला, आणि ती बाजू लावायची मातीकडे. नवरा म्हणायचा, माणसांनी आपल्याला कामावरून ओळखावं, मातीने डागावरून. त्यामुळे बाहेरच्या कुणी तो डाग नीट पाहिलाच नव्हता.

आणखी एक रीत होती, तीही याच घरची. रविवारी काम बंद. सोमवारचं पहिलं उतरणं डोळे मिटून, प्रभूची प्रार्थना म्हणत. आमेन म्हटल्यावर डोळे उघडायचे आणि कुदळ हातात घ्यायची. मुलांना ही सवय म्हातारीनेच लावली होती. दोघे लहान असताना पाळण्यात बसवून ती त्यांना हात दोन हात खाली सोडायची, आणि मधेच डोळे उघडले की वरून ओरडायची, "तो बघतोय ना, मग तू कशाला बघतोस?"

ते वाक्य नंतर तिच्याच घशात अडकून बसलं.

गावाबाहेर एक मोठी बाग होती. मालक दूर राहायचा, कारभार सगळा मुकादमाकडे. मुकादम चर्चचा पंच. गोरा, ताठ, बोलण्यात मऊ. तेव्हा चर्चमध्ये लोक चटयांवर बसत. मुकादमाने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की, वर्षअखेरपर्यंत बाकं मी देतो. म्हाताऱ्या बायकांनी गुडघे चोळत त्याला आशीर्वाद दिले होते. त्या बायकांत हीही होती.

बागेत नवी विहीर चालली होती. एका रविवारी सगळं घर चर्चमध्ये होतं, आणि म्हातारीला दिसलं की मुकादम आपल्या जागेवर नाही. ताप आला असेल, असं वाटून तिने त्याच्यासाठीही दोन शब्द प्रार्थना केली.

सोमवारी पहाटेच धुकं उतरलं होतं, काठावरून विहिरीतलं काही दिसत नव्हतं. धाकटा पाळण्यात बसला, डोळे मिटले. थोरल्याने रहाट सोडायला सुरुवात केली. म्हातारी काठावर डब्यात पाणी भरत होती. खालून प्रार्थना ऐकू येत होती, विहिरीत घुमून जरा मोठी झालेली. आवाज खाली खाली गेला. रोजच्या भाकरीच्या मागण्यापर्यंत आला. मग मोठं जनावर कूस बदलतं तसा मातीने आवाज केला. दोर एकदम ताणला, थोरल्याच्या तळव्यांची कातडी घेऊन गेला आणि सैल पडला.

धाकट्याला काढायला संध्याकाळ झाली. माती निघाली, टोपली निघाली, पाळणा निघाला. फळी एकही निघाली नाही.

चौकशीला पोलिसांचा साहेब आला तेव्हा थोरला तळव्यांना फडकी बांधून उभा होता. त्याने सांगितलं, शनिवारी फळ्या होत्या, मी स्वतः टेकू ठोकलेत. मुकादम खाली बघून म्हणाला की, मी तर इथे कधी फळी बघितली नाही. हे लोक हलगर्जी करतात हे सांगून सांगून मी थकलो. साहेबाने रिकाम्या खड्ड्याकडे बघितलं.

"मग फळ्या काय विरघळल्या?"

माणसं हसली नाहीत, पण वाक्य गावात राहिलं. पुढे कुणाची कोंबडी हरवली तरी लोक म्हणायचे, विरघळली असेल. ते म्हणताना थोरला जवळपास आहे का, एवढं मात्र बघून घ्यायचे. आहे असं बघून म्हणणारेही होते.

थोरल्याला धरून नेलं. सुटून आला तेव्हा मुलगी चालायला लागली होती. तिने त्याला ओळखलं नाही, ती आजीच्या लुगड्यात शिरली. खटला संपला नव्हता, नुसता लांबला होता. तारीख पडायची, तो जायचा, दिवसभर व्हरांड्यात बसायचा आणि पुढची तारीख घेऊन परत यायचा. सख्ख्या भावाला बिनफळ्यांच्या विहिरीत सोडणाऱ्याकडून विहीर कोण खणून घेणार? शेवटी चर्चच्या पाळकाने त्याला कबरस्तानाचं काम दिलं. खणायचंच, पण छातीपर्यंत. गावातला न्हावी म्हणाला, हे बरं झालं, याच्या खड्ड्यात उतरणारा आधीच मेलेला असतो. थोरल्यानेही ते ऐकलं. घरी येऊन त्याने हात धुतले, आणि धुतलेले हात कितीतरी वेळ पाण्यातच ठेवून बसला.

वर्षअखेरीला चर्चमध्ये बाकं आली. मुकादमाचं नाव पुढे उभं राहून वाचलं गेलं. म्हातारीला सगळ्यात मागची, भिंतीलगतची जागा मिळाली. एक आखूड बाक होता, त्यावर ती एकटीच मावे. पहिल्याच रविवारी तिला ओल्या चिकणमातीचा वास आला. तिने सुनेला विचारलं, तुला येतो का? सुनेला येत नव्हता. घरी गेल्यावर सून नवऱ्याला हळूच म्हणाली, "आईंना आता सगळीकडे विहीर दिसायला लागलीय."

दर रविवारी तसंच. बसलं की खालून गारवा मांड्यांत चढायचा आणि वास यायचा. म्हातारीने जागा बदलून पाहिली. दुसऱ्या बाकावर वास नव्हता, पण तिथे तिला करमेना. ती परत आपल्या बाकावर आली. सगळे प्रार्थना म्हणायला लागले की तीही म्हणायची, भाकरीच्या मागण्यापर्यंत. तिथे तिचं तोंड मिटायचं. पुढचं मागणं माफीचं, धाकट्याचं ते म्हणायचं राहून गेलं होतं. त्याच्या आधी आपण कसं म्हणावं? आजूबाजूचे आमेनपर्यंत पोचायचे तेव्हा ती अजून भाकरीपाशीच असायची.

घरी सोमवारची पहाट वाईट. रहाट आणि दोर गोठ्यात आढ्याला टांगून ठेवले होते. सोमवारी उजाडायच्या आत रहाट करकरायचा. लाकूड आहे, हवा पालटली की वाजणारच, असं थोरला म्हणायचा, पण उठून जायचा तोच. जाऊन दोर मुठीत धरून उभा राहायचा. एकदा सूनही मागोमाग गेली आणि म्हणाली, "सोडा ना आता." तो म्हणाला, "वजन आहे गं. सोडू कसा?"

पाळक अधूनमधून घरी यायचा. भला माणूस होता. देवाच्या दारी उशीर असतो, विसर नसतो, असं काहीतरी सांगायचा. म्हातारी त्याला पाणी द्यायची आणि समोर बसायची.

"पाळकसाहेब, थांबायला माझी ना नाही. विहीर खणणाऱ्याच्या घरात मला कुणी थांबायला शिकवू नये. पाणी लागेपर्यंत थांबतोच आम्ही. पण खाली ओल लागली तर वरच्याला कळतं, खालचा ओली माती वर पाठवतो. तुमच्या देवाला सांगा, मूठभर ओली माती तरी वर पाठव."

"माझ्या देवाला?" पाळकाने विचारलं.

"माझ्याशी सध्या तो बोलत नाही," म्हातारी म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

तरी ती रोज त्याच्यासमोर बसायची. भांडायला का होईना, बसायची. सुनेने एकदा ऐकलं, म्हातारी अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड करून म्हणत होती, "तू बघतोयस ना? मी पोराला तसं सांगून बसलेय. मला खोटं पाडू नकोस."

मुलीचे दुधाचे दात पडायला लागले, त्या वर्षी पाऊस उघडेचना. भिंती घामेजल्या, चपला हिरव्या झाल्या. चर्चची जमीन आतून पाझरायला लागली आणि बाकांचे पाय कुजले. एका बुधवारी जरा ऊन पडलं तेव्हा पाळकाने बायकांना बोलावलं. बाकं बाहेर अंगणात काढायची, उलटी करून घासायची, वाळवायची. कुणी केरसुण्या आणल्या, कुणी राख. बायका मोकळ्या झाल्या की बोलतात तशा बोलत होत्या. एकीने म्हटलं, मुकादमाच्या बाकांना वाळवी कशी लागली नाही? दुसरी म्हणाली, वाळवीलाही त्याची भीती.

म्हातारीने आपला आखूड बाक स्वतःच ओढत आणला. शेजारणीच्या मदतीने उलटा केला. वरची बाजू गुळगुळीत, रंध्याची. पण खालच्या बाजूला रंधा लागलाच नव्हता. तिथे वाळलेला चिखल बसलेला होता, पावसाळी हवेने पुन्हा ओलावलेला. वास एकदम नाकात शिरला. तिने राखेने घासलं. चिखल सुटला. खाली काळी उभी रेघ निघाली. तिने आणखी घासलं. रेघेखाली अर्धा गोल.

तिने अंगठा त्या खाचेत ठेवला. डाग देताना तिचा हात नेहमी डावीकडे कलायचा, त्यामुळे गोलाची डावी बाजू खोल जायची. ती खोलच होती.

ती ओल्या गवतावर बसली. शेजारणीने विचारलं, "मावशी, काय झालं?" ती म्हणाली, "पाय घसरला." मग तिने तो बाक पुन्हा सुलटा केला, चिखल लागलेल्या हातांनीच, आणि ऊन जाईपर्यंत त्यावर बसून राहिली. दुसऱ्या कुणाला तो उलटा करू दिला नाही.

संध्याकाळी तिने थोरल्याला चर्चच्या अंगणात आणलं आणि बाक उलटा करून दाखवला. तो गुडघ्यावर बसला. त्याने डागावरून हात फिरवला, मग टेकू बसायचा तिथली खाच चाचपली. ती त्यानेच कोरली होती. तो कुऱ्हाड आणायला निघाला.

"कुणाकडे?" म्हातारीने विचारलं.

"तुला माहीत आहे कुणाकडे."

"त्याला मारशील, आणि लोक म्हणतील दुसराही यानेच मारला. रविवारी."

"आई, इतकी वर्षं थांबलो."

"म्हणून तर. हा बाक मला देवाने दाखवला, तुला नाही. मी सांगते, रविवारी."

सांगून तर बसली, पण आधीची सगळी वर्षं जेवढी जड गेली नव्हती तेवढे ते मधले दिवस गेले. तिला देवाचा राग येत होता. फळ्या बागेच्या गोदामात असत्या, नदीत असत्या तर ठीक. त्याने तिला त्यांच्यावरच बसवलं होतं. दर रविवारी ती न्याय मागून मागून उठत होती आणि न्याय तिच्या मांडीखाली. ती पाणी भरताना, भांडी घासताना पुटपुटत राहिली. पण एक फरक सुनेला कळला. म्हातारी आता कोपऱ्याकडे तोंड करून बोलत नव्हती. समोर माणूस बसल्यासारखं बोलत होती.

रविवारी बाकं आत लावली होती. म्हातारीचा बाक मागे नव्हता. तो पुढे होता, वेदीच्या पायरीपाशी, उलटा. चार पाय वर केलेलं मेलेलं जनावर असतं तसा. लोक आले, बघून बसले, कुजबुजले. मुकादम आला. आता पिकला होता, काठी घेऊन चालायचा. तो हसून म्हणाला, "पाळकसाहेब, पाहुणा उलटा का पडलाय?"

पाळक म्हातारीकडे वळला. त्याला आदल्या रात्री सांगितलं होतं.

म्हातारी उठली. तिने पदराखालून डागणी काढली, थंड, गंजलेली, आणि बाकाच्या उलट्या बाजूवरच्या डागात ठेवली. किल्ली कुलपात बसावी तशी ती बसली. तिने हात काढून घेतला. डागणी तशीच उभी राहिली.

"ही आमची फळी. ही बाजू विहिरीत मातीकडे असते. तुम्ही कधी पाहिली नसेल."

मुकादम म्हणाला, लाकूड बागेच्या गोदामातलं होतं, जुनं. कुठून आलं मला काय ठाऊक? सुताराला विचारा.

सुतार तिसऱ्या बाकावर होता, म्हातारा, बागेच्या कामावर जगलेला. तो उठला तेव्हा त्याच्या बायकोने त्याचा सदरा धरला. तो म्हणाला, लाकूड विहीर ढासळली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी आलं, गाडीत, ओलंचिंब. मुकादम स्वतः गाडीसोबत होते.

"मंगळवारी मला सगळं कळलं. मी बोललो नाही. पण त्या बाजूला रंधाही मारला नाही. आणि बाक मावशींच्या जागेवर मीच मांडला."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. "तोंडही दिलं होतं ना रे देवाने तुला?"

सुतार खाली बसला. मुकादमाची काठी जमिनीवर वाजत होती. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं, खडक लागलाय. खडक लागल्यावर फळ्या नुसत्या पडूनच असतात. बाकं देईन असं बोलून बसलो होतो." मग म्हणाला, "सोमवारी सकाळी सांगणारच होतो. तुम्ही लवकर उतरलात."

थोरला भिंतीला टेकून उभा होता. त्याने दोन्ही तळवे आपल्या डोळ्यांवर ठेवले. म्हातारीला वाटलं होतं की हे कानांवर पडलं की छातीवरची माती निघेल. निघाली नाही, फक्त जरा हलली.

पाळकासोबत जाऊन मुकादमाने साहेबासमोर जबाब दिला. फिर्याद, तपास, पुन्हा तारखा सुरू झाल्या. न्हावी थोरल्याची दाढी करताना काही बोलला नाही, हाच त्याचा माफीनामा. एका शेतकऱ्याने विहिरीची चौकशीही केली. पण रहाट सोमवारी करकरतच राहिला, आणि म्हातारीची प्रार्थना भाकरीपाशीच थांबत राहिली.

मुकादमाने अंथरूण धरलं. त्याच्या बायकोने दोनदा निरोप पाठवला. म्हातारी गेली नाही. तिसऱ्यांदा बायको स्वतः आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, त्यांना झोप नाही. तुम्ही नाही आलात तरी चालेल, पण मला परत जायची भीती वाटते." म्हातारी चपला घालून निघाली.

खोलीत औषधांचा वास होता. मुकादमाचे हात चादरीवर काहीतरी शोधत होते. त्याने विचारलं, "पोरगा कुठपर्यंत आला होता?"

तिला कळलं. "भाकरीपर्यंत."

"मलाही पुढचं म्हणता येत नाही. त्या दिवसापासून. पुढे उभा राहायचो, ओठ हलवायचो. लोकांना वाटायचं, म्हणतोय."

बाहेर पाऊस लागला. म्हातारीने आजूबाजूला बघितलं. खोलीत बसायला एकच स्टूल होतं. ती बसली.

"मलाही येत नाही," ती म्हणाली.

ती उठली तेव्हा त्याने विचारलं, माफ केलंस का? ती म्हणाली, "तेवढं अजून माझ्या हातात नाही. मागतेय. आलं की सांगेन." तिने त्याची चादर पायाखाली खोचली आणि घरी आली.

सांगायला वेळ मिळाला नाही. शनिवारी निरोप आला, कबर खणायची आहे. रविवारी थोरला कुदळीला हात लावणार नव्हता. सोमवारी पहाटे तो निघाला, तेव्हा म्हातारीही निघाली. जमीन इतकी भिजलेली होती की कंबरेपर्यंत जाताच कडा ढासळायला लागल्या. थोरला वर आला, चर्चकडे गेला, आणि त्या आखूड बाकाच्या फळ्या सुट्या करून घेऊन आला. त्याने त्या कडेला उभ्या केल्या, टेकू ठोकले, जुन्या खाचेत. डागाची बाजू मातीकडे.

पाळणा लागण्याइतकी खोली नव्हती. पण त्याने दोराचं एक टोक कंबरेला बांधलं आणि दुसरं म्हातारीच्या हातात दिलं. धुकं होतं. ती काठावर बसली. खालून कुदळीचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि थोरल्याने प्रार्थना सुरू केली. त्याचे डोळे उघडे होते. ती वरून बघत होती. तो रोजच्या भाकरीपर्यंत आला. दोर तिच्या मुठीत ताणला गेला. तो थांबला, श्वास घेतला, आणि पुढचं मागणं म्हणाला. मोठ्याने नाही. त्याच्यापुढचंही म्हणाला. शेवटपर्यंत गेला.

म्हातारीने आमेन म्हटलं. मग ती पहिल्यापासून सुरू झाली, एकटी, आणि तीही कुठे थांबली नाही.

फळ्या त्याने काढून घेतल्या नाहीत. त्या तिथेच आहेत.

धाकटा गेला तो नात रांगायला लागली त्या वर्षी, सोमवारी पहाटे, बागेच्या विहिरीत. मुकादम गेला तो तिचे दुधाचे दात पडले त्या पावसाळ्यात, शनिवारी, आपल्या अंथरुणात. थोरला निर्दोष असल्याचा निकाल आला तो नातीच्या लग्नाच्या वर्षी. म्हातारी त्याच्या आदल्या हिवाळ्यात वारली होती, रविवारी दुपारी, चर्चमधून आल्यावर.